निफाडची थंडी, चार गायी, सहा शेळ्या आणि एक घोडी

ऑक्टोबर २०२४ मध्ये आम्ही थंडीच्या तयारीला लागलो, तेव्हा जनावरांच्या हिवाळ्याबद्दल जे वाचायला मिळालं ते बहुतेक बर्फाच्या मुलखातलं होतं. निफाडकडची थंडी निराळी. पहाटे पारा ६-७ वर, कधी त्याच्याही खाली, आणि त्याच दिवशी दुपारी २८. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा पेपरात छापून येतो तोवर गोठ्यातली ती रात्र सरलेली असते. आपल्याकडे जनावराला त्रास होतो तो या चढउताराचा, दवाचा आणि ओल्या जमिनीचा. आमचा हा पहिलाच हिवाळा होता. गोठ्यात चार संकरित होल्स्टीन गायी, त्यातल्या दोन गाभण, सहा शेळ्या आणि डिसेंबरात आलेली एक घोडी. जसं घडलं तसं क्रमाने लिहितो आहोत. पुढच्या दिवाळीआधी कोणाला तरी उपयोग होईल.

पहिलं काम लसीचं. लाळ्या-खुरकुताची लस सरकारी मोहिमेत दर सहा महिन्यांनी मोफत टोचतात. टोचल्यावर अंगात ताकद तयार व्हायला दोन-तीन आठवडे जातात, म्हणून ही फेरी थंडी पडायच्या आत व्हायला हवी. लस टोचताना कानातल्या १२ आकडी बिल्ल्याचा नंबर ऑनलाइन चढवतात. आमच्या एका गायीचा बिल्ला गव्हाणीला कान घासून कधीच पडला होता. नवा बिल्ला मारून जुन्या नंबरची नोंद नव्याला जोडायला १२ दिवस आणि तीन खेटे लागले. हे काम टाळू नका, कारण विम्याचं सगळं त्या बिल्ल्यावर चालतं. विम्यासाठी जनावराचा आरोग्य दाखला, बिल्ला दिसेल असा मालकासोबतचा फोटो, आधार आणि बँक पासबुकाची प्रत लागली. पॉलिसी सुरू झाल्यावर पहिले काही दिवस आजाराने झालेला मृत्यू त्यात धरत नाहीत. म्हणजे डिसेंबरात थंडी पडल्यावर विमा काढायला धावलं, तर नेमके धोक्याचे दिवस उघडे राहतात.

त्याच आठवड्यात शेणाची तपासणी केली. आमच्या शेळ्या नांदूर मध्यमेश्वर धरणाच्या फुगवट्याकडे चरायला जातात. दलदलीच्या काठावर गोगलगायी असतात आणि त्यांच्यामार्फत यकृतातल्या चपट्या कृमींची लागण होते. पावसाळा संपता संपता ती सर्वांत जास्त. हातमोजा घालून थेट गुदद्वारातून काढलेलं ताजं शेण किंवा लेंड्या, बारीक डबीत, प्रत्येक जनावराची वेगळी, वर नाव लिहून. दुपारच्या आत दवाखान्यात पोचवायचं. उन्हात डबी गाडीच्या डिकीत राहिली की नमुना वाया. दोन शेळ्यांच्या लेंड्यांत अंडी सापडली. औषध देताना गाभण जनावराला कितवा महिना चालू आहे ते आवर्जून सांगा; अल्बेंडाझोलसारखं औषध गाभणपणाच्या सुरुवातीला चालत नाही. पोटात जंत घेऊन थंडीत शिरलेलं जनावर कितीही खाऊ घाला, अंग धरत नाही.

ऑक्टोबर म्हणजे द्राक्षाच्या छाटणीचा आणि फवारणीचा महिना. बागेतलं गवत फुकट मिळतं, हिरवंगार दिसतं, पण त्यावर मोरचूद, म्हणजे तांब्याचं औषध, आणि बाकीची औषधं बसलेली असतात. मेंढीला तांबं सगळ्यात लवकर बाधतं, शेळीला त्याखालोखाल. आम्ही ते गवत पूर्ण बंद केलं.

दिवाळीनंतर गोठ्याकडे वळलो. गोठा ४० बाय २० फूट, वर लोखंडी पत्रा, उत्तर आणि पूर्व बाजू मोकळ्या. तळाच्या कोब्याचा उतार गटाराकडे आहे का, हे बादलीभर पाणी ओतून पाहिलं. दोन ठिकाणी पाणी साचलं. तेवढा भाग फोडून पुन्हा केला, सिमेंट-वाळू-मजुरी धरून ३,४०० रुपये. सगळ्या खर्चात हा खर्च सर्वांत कारणी लागला असं आता वाटतं. गायींखाली रबरी मॅट टाकल्या, प्रत्येकी २,२०० रुपये. अंथरायला उसाचं पाचट, दोन ट्रॉल्या, ३,००० रुपये. पाचट ट्रॉलीतून उतरवलं की लगेच रचू नका. दोन दिवस उन्हात पसरा, मूठभर घेऊन पिळा, हाताला गारवा लागला तर अजून एक दिवस. ओलं पाचट रचलं की आतून तापतं, बुरशी धरतं, आणि तीच बुरशी नंतर जनावराच्या फुफ्फुसात जाते.

घोडीसाठी गोठ्यापासून ४० फुटांवर १२ बाय १२ फुटांची वेगळी जागा केली. वाऱ्याच्या दिशेने पाहिलं तर ती गोठ्याच्या पुढे येते, म्हणजे तिच्याकडची हवा गायींकडे येत नाही. अंतर ठेवायचं कारण पुढे येईलच.

१४ डिसेंबरला दत्तजयंती होती. तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा बाजार भरतो. आम्ही १६ तारखेला पोचलो. व्यवहार ठरल्यावर दोन कागद हातात घेतल्याशिवाय गाडी हलवू नये. एक बाजाराची पावती, दुसरा पशुवैद्यकाचा प्रवासाचा दाखला. दाखल्यात रंग, कपाळावरचा टिळा, पायांचे पांढरे मोजे, उंची, दातांवरून वय आणि अंगावरचे भोवरे लिहिलेले असावेत. कागदावरचं वर्णन घोडीशी ताडून पाहा. आमच्या दाखल्यात मागचा डावा पाय राहून गेला होता, तो तिथेच दुरुस्त करून घेतला. वाटेत तपासणी झाली असती तर तेवढ्यावरून दोन तास गेले असते.

दोंडाईचा, धुळे, मालेगाव असा दोनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. भाडं ९,५०० रुपये. गाडीवाला रात्री निघू म्हणत होता, रस्ता मोकळा असतो म्हणून. डिसेंबरच्या रात्री उघड्या पिकअपमध्ये वारं अंगावर घेत आणायची तयारी नव्हती, म्हणून सकाळी सातला निघालो. हौद्यात चार इंच वाळू, वर पेंढा. दोर मात्र लांब ठेवला. घोड्याची मान वर बांधून चार-पाच तास आणलं की नाकातला, घशातला शेंबूड खाली गळत नाही, धुळीसकट फुफ्फुसात उतरतो आणि दोन-तीन दिवसांनी ताप भरतो. दर अडीच तासांनी गाडी थांबवून मान खाली घालू दिली. ज्यांच्याकडून घोडी घेतली त्या बाबांनी निघताना सांगितलं होतं, "भाऊ, पानी हाईच नेजो. दुसरं पानी ती लवकर तोंडी लावत नाही." दोन ड्रम तिथलं पाणी बरोबर घेतलं होतं. मालेगावला ती सहा लिटर प्यायली. साडेतीनला घरी.

दुसऱ्या दिवशी रक्ताचा नमुना दिला. ग्लँडर्स हा घोड्यांचा आजार माणसालाही होतो. नाकातून घट्ट पिवळा स्राव, नाकपुडीत व्रण, पायांवर गाठी अशी त्याची लक्षणं, पण कधी घोडा वरून धडधाकट दिसतो आणि आत आजार असतो. त्यावर उपचार करत बसत नाहीत. २००९ च्या संसर्गजन्य पशुरोग कायद्याखाली बाधित घोड्याला दयामरण द्यावं लागतं. रक्तजल हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे गेलं. अहवाल यायला १९ दिवस लागले. ते दिवस फार जड गेले. रोज सकाळी नाकपुड्या बघायच्या, जबड्याखाली बोटं फिरवून गाठ लागते का पाहायचं, ताप घ्यायचा आणि वहीत लिहायचं. घोड्याचा ताप ३७.५ ते ३८.५ अंशांत हवा. तिची बादली, घमेलं, खरारा सगळं वेगळं, आणि गोठ्यातलं काम उरकल्यावर शेवटी तिच्याकडे जायचं. ५ जानेवारीला अहवाल निगेटिव्ह आला. तरी घोडी येऊन २१ दिवस पुरे होईपर्यंत अंतर मोडलं नाही.

घोडा आणि गायी एका वाड्यात असतील तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. कोंबडीखाद्यात आणि काही कंपन्यांच्या गायीच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध घातलेलं असतं. गायीला ते चालतं. घोड्याच्या हृदयाचे स्नायू त्याने मरतात, थोड्या मात्रेतही, आणि त्यावर उतारा नाही. पिशवीवरची चिठ्ठी वाचा. गायीच्या खाद्याचं माप, घमेलं घोडीच्या चंदीला, म्हणजे दाण्याच्या खुराकाला, वापरू नका. मुरघासही (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) घोडीला देऊ नका.

आता आमची चूक. २२ डिसेंबरच्या रात्री गोठ्यातल्या थर्मामीटरवर ६ अंश दिसले. घाबरून दुसऱ्या दिवशी २,४०० रुपयांची ताडपत्री आणली आणि गोठा चारही बाजूंनी वळचणीपर्यंत बंद केला. आत गेलं की ऊबदार वाटायचं, बरं वाटलं. तिसऱ्या पहाटे पत्र्याच्या आतून थेंब टपकत होते. गायींच्या पाठी ओल्या. वासराजवळ उकिडवं बसल्यावर डोळे झोंबले. उभं राहिल्यावर तेवढं जाणवत नव्हतं. मुताचा अमोनिया खाली वासराच्या नाकाच्या उंचीला कोंडला होता. आधी व्यायलेल्या गायीची २४ दिवसांची कालवड, कान पडलेले, ताप ४०.४, श्वास मिनिटाला ६० च्या वर. वासराचा श्वास शांत असताना ३०-३५ असतो.

डॉक्टरांनी औषध लिहायच्या आधी ताडपत्री सोडायला लावली. "थंडीने नाही आजारी पडली ही. ओलीने आणि कोंडलेल्या हवेने पडली," म्हणाले. पाच दिवस इंजेक्शनं, २,८०० रुपये. सहाव्या दिवशी ती आपणहून बाटलीकडे आली.

त्यानंतर गोठा असा बांधला. उत्तर आणि पूर्व बाजूला खाली विटांचा एक थर, त्यावर टेकेल असं दुहेरी शिवलेलं बारदान साडेचार फुटांपर्यंत, म्हणजे बसलेल्या जनावराच्या अंगाला वारं लागणार नाही. विटांमुळे बारदानाचा काठ मुतात भिजत नाही. वळचणीखालचे दोन फूट कायम उघडे. गरम, ओली हवा तिथून निघून जाते. सकाळी नऊला बारदान गुंडाळायचं, सहाला सोडायचं. ४० गोण्यांचे ८०० रुपये झाले, म्हणजे ताडपत्रीच्या तिसऱ्या हिश्शात काम झालं. तपासायची पद्धत सोपी आहे. पहाटे गोठ्यात गुडघे टेकून अंथरुणावर अर्धा मिनिट बसा. विजार ओली झाली तर पाचट बदला. डोळे झोंबले तर वरची फट वाढवा.

वासराचं थोडं सविस्तर लिहितो, कारण थंडीत मरतात ती वासरंच. तीन आठवड्यांच्या आतल्या वासराला १५ अंशांच्या खाली अंग गरम ठेवायला जास्तीचं दूध लागतं. मोठ्या गायीला आपल्याकडच्या थंडीने काही होत नाही, तिचं पोटच भट्टी असतं. दुसरी गाय ३ जानेवारीला पहाटे चारला व्यायली. वासरू गोणपाटाने खसाखसा पुसून कोरडं केलं, नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवली, आणि पहिल्या दोन तासांत चीक पाजला. वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे ३० किलोच्या वासराला ३ लिटर, दोनदा करून. पुढे दूध ३८-३९ अंशांवर. गार झालेलं दूध पाजलं की हगवण लागते. थंडीच्या लाटेत संध्याकाळी उशिरा एक लिटर वाढवलं. अंथरूण इतकं जाड हवं की बसलेल्या वासराचे पाय त्यात दिसेनासे झाले पाहिजेत. बारदानाची झूल छातीशी आणि पुढच्या पायांमागे बांधली. दुपारी काढून उन्हात टाकायची. ओली झूल अंगावर राहण्यापेक्षा झूल नसलेली बरी. घोडीलाही हेच लागू.

घोडीचं वजन सुमारे ३८० किलो. डोंगरी गवत आणि कडबा मिळून सात किलो, त्यातलं अडीच किलो रात्री दहाला. सुका चारा आतड्यात कुजताना अंगात ऊब तयार होते, ती रात्रभर पुरते. चंदीने ती ऊब येत नाही, उलट काम नसताना चंदी जास्त झाली तर पाय धरतात. चंदी भिजवलेला हरभरा, जव आणि गव्हाचा कोंडा मिळून दोन किलोवर ठेवली. हिवाळी केसांखाली हडकुळेपणा लपतो, म्हणून दर रविवारी बरगड्यांवर सपाट हात फिरवून अंदाज घ्यायचा. टापा रोज उकरायच्या. ओल्या लिदीत उभ्या राहिलेल्या घोड्याच्या टापेतला मधला त्रिकोणी मऊ भाग काळा पडतो, घाण वास सुटतो. नालबंद दर सहा आठवड्यांनी, १,२०० रुपये.

९ जानेवारीच्या रात्री दहाला तिने गवत सोडलं. पुन्हा पुन्हा कुशीकडे वळून पाहत होती, पुढच्या पायाने जमीन खरडत होती, दोनदा बसून उठली. दुपारपासून लीद नव्हती. जबड्याखालच्या शिरेवर नाडी मोजली, ५६. नेहमी ती ३६-३८ असते. पोटशूळ. डॉक्टर यायला पन्नास मिनिटं लागणार होती. त्यांनी फोनवर सांगितलं ते करा: चारा समोरून काढा, लोळायला बघत असेल तर दहा मिनिटं हळूहळू फिरवा, शांत बसली असेल तर उठवू नका. तोंडाने तेल ओतू नका. घोडा उलटी करू शकत नाही आणि ओतलेलं तेल श्वासनळीत गेलं तर निमोनिया. आल्यावर त्यांनी वेदनेचं इंजेक्शन दिलं, आतून हात घालून तपासलं, मोठ्या आतड्याच्या वळणावर चारा दाटला होता. नाकातून नळी घालून लिक्विड पॅराफिन आणि कोमट मिठाचं पाणी सोडलं. पहाटे साडेपाचला पहिली लीद पडली, चार सुक्या गोळ्या, वर तेलकट चकाकी. तो आवाज ऐकायला आम्ही रात्रभर बसलो होतो. बिल ४,२०० रुपये.

कारण पाणी. ती दिवसाला २८ लिटर पीत होती, थंडीच्या लाटेत १४ वर आली होती, आणि आम्ही मोजत नव्हतो. सिमेंटच्या टाकीतलं पाणी रात्री गारठतं, घोडी ओठ लावून सोडून देते. विहिरीतून ताजं उपसलेलं पाणी मात्र हिवाळ्यात कोमट असतं. शेतीची वीज आमच्याकडे पाळीने येते, म्हणून दुपारी उपसून दोन काळ्या ड्रममध्ये उन्हात ठेवलं, संध्याकाळी गोण्यांनी झाकलं. चंदीत २५ ग्रॅम मीठ. चंदी ओली करूनच द्यायची. तिसऱ्या दिवशी ती २६ लिटरवर आली. बादलीवर लिटरच्या खुणा रंगवून ठेवा आणि रोज लिहा. गायींनाही हेच पाणी दिलं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. पहाटेचा दवाने ओला लसूणघास रिकाम्या पोटी खाऊन एका गायीची डावी कूस फुगली. तेव्हापासून आधी कडबा, घास दहा वाजल्यानंतर, सुकवून. काढलेल्या ज्वारीच्या खोडव्याचे गुडघाभर फुटवे जनावरांना खाऊ दिले नाहीत, किराळ लागते, म्हणजे कोवळ्या ज्वारीतलं विष बाधतं. सडांना चिरा पडू नयेत म्हणून धार काढल्यावर ग्लिसरीनचं द्रावण लावलं. शेजारच्या द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटायच्या, मणी वाचवायला ते गरजेचंच. आम्ही विनंती केली, त्यांनी आमच्या बाजूच्या दोन ओळी सोडून पलीकडे पेटवल्या, धूर वळला.

करडांच्या बाबतीत नुकसान झालं. जानेवारीअखेर तीन शेळ्या व्यायल्या, पाच करडं. थंडीत ती कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसतात. एका सकाळी सगळ्यात खालचं करडू गुदमरून गेलेलं मिळालं. अंग अजून गरम होतं. त्यानंतर जमिनीपासून फूटभर उंच फळ्यांचं माचण केलं आणि रात्री दोन-दोन करडं वेगळ्या डालग्याखाली ठेवली. बल्ब लावायचा तर वायरवर टांगू नका. साखळी, जाळीचं कुंपण आणि पाचटापासून तीन फूट अंतर, एवढं असेल तरच लावा.

रथसप्तमीनंतर पहाटेचा गारठा कमी झाला, तरी बारदान एकदम काढलं नाही. आधी पूर्वेकडचं, आठवड्याने उत्तरेकडचं, शेवटचं शिवरात्रीला, २६ फेब्रुवारीला. गोण्या चुन्याच्या पाण्यात भिजवल्या, तीन दिवस उन्हात वाळवल्या, मध्ये कडुनिंबाचा पाला घालून माळ्यावर ठेवल्या. अकरा फाटक्या निघाल्या, तेवढ्या नव्या घ्याव्या लागतील. पाचट अर्धी ट्रॉली उरलं. घोडीचे केस आता खराऱ्याला मुठी मुठी येतात.